ओलीचा नकाशा

३ फेब्रुवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर नाही म्हणून गाल फुगवून बसला असशील, लहानपणी बसायचास तसा. फोन का करत नाहीस, असं तू पुन्हा विचारलं आहेस. अरे, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जगाचं बोलणं जोडून देता देता माझे स्वतःचे कान कामातून गेले. आता फोन कानाला लावला की नुसती घरघर ऐकू येते आणि मी अंदाजाने हो हो म्हणत राहते. त्यापेक्षा पत्र बरं. तुझं अक्षर तरी अजून माझ्याशी नीट बोलतं.

इकडे यांची तब्येत बरी नाही. छातीचा जुना त्रास आहेच, पण या वेळी तो हटायला तयार नाही. कारण डोक्यावरच आहे. आमचा मजला सगळ्यात वरचा आणि गच्चीवरची पाण्याची टाकी नेमकी आमच्या झोपायच्या खोलीवर. गेल्या ऑक्टोबरात छताला बशीएवढा ओला डाग दिसला. आता तो दारापर्यंत आला आहे, कडेने काळी बुरशी धरली आहे आणि बंद पेटीतल्या कपड्यांसारखा वास खोलीभर असतो. डॉक्टर म्हणाले, आधी खोली कोरडी करा, औषध मग लागू पडेल. पलंग पुढच्या खोलीत हलवला, तर ओल मधल्या भिंतीतून मागोमाग आली.

हे मात्र मजेत असल्याचं सोंग करतात. भूमापन खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस. दर रविवारी त्या खोलीत आरामखुर्ची टाकून बसतात, ओलीची कड पेन्सिलीने कागदावर उतरवतात आणि खाली तारीख घालतात. किनारा कुठवर सरकला ते मला समजावून सांगतात. एका टोकाला त्यांनी चेअरमनबाईंचं भूशिर असं नाव दिलं आहे.

या चेअरमनबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात, दातांच्या डॉक्टर आहेत. मी चार वेळा जाऊन आले. मुळीच दुखणार नाही असं पेशंटला सांगावं तितक्या गोडीने त्या म्हणाल्या, की टाकी जुनी आहे खरी, पण डाग तर तुमच्या छताला आहे ना.

तू तुझ्या सोसायटीचा नऊ वर्षं सचिव आहेस. शिवाय वजनमापं तपासण्यात आयुष्य काढलंस. दोन ग्रॅम कमी भरले तरी दुकानदाराला घाम फोडायचास. तेव्हा नीट तोलून सांग, आमचा हक्क काय आहे? की गप्प बसावं?

सौ.ला आशीर्वाद. म्हाताऱ्या बहिणीची आठवण ठेव.

तुझी
अक्का


११ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गप्प मुळीच बसायचं नाही. तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. चार वेळा पायऱ्या उतरून गेलीस आणि एक ओळ लेखी मागितली नाहीस? लहानपणी मला शिस्त लावणारी हीच का ती बाई, असं मी हिला विचारलं. ही हसली, म्हणाली, वन्सं भिडेच्या आहेत.

आता नीट ऐक. गच्ची, टाकी, बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट या गोष्टी कुणा एकाच्या नसतात. त्या सगळ्यांच्या सामाईक आणि त्यांची दुरुस्ती सोसायटीने सामाईक निधीतून करायची. टाकी गळून तुमच्या छताचा गिलावा खराब झाला, तर तो गिलावासुद्धा सोसायटीनेच करून द्यायचा. यात वाद नाही. कुठल्याही सचिवाला झोपेतून उठवून विचार, त्याला हे ठाऊक असतंच.

म्हणून तक्रार लेखी दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे, शिक्का आणि तारखेसकट. गच्चीची पाहणी करा अशी मागणी कर. कमिटीच्या बैठकीत तुझ्या तक्रारीवर काय ठरलं त्या इतिवृत्ताची नक्कल माग. ती मागायचा हक्क प्रत्येक फ्लॅटमालकाला असतो, उपकार नव्हे. एखाद्या इंजिनियरकडून पाणी टाकीतूनच येतं आहे असा दाखला घे. रागाच्या भरात महिन्याची वर्गणी थांबवू नकोस, नाहीतर उलट तुम्हालाच कसूरदार ठरवतील. आणि एवढं करून ऐकलं नाही तर सरळ निबंधकाच्या कार्यालयात अर्ज.

भाऊजींचे नकाशे जपून ठेव. तारखेसकट पुरावा आहे तो.

इकडे माझं सचिवपण जोरात चालू आहे. आम्हा सचिव लोकांचं एक त्रैमासिक निघतं, त्यात मी नमुनापत्रं लिहितो; लोक आवडीने वापरतात म्हणे. आमच्याही वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, नाटकांचे कपडे शिवतात. त्यांचं गच्चीवरून पाणी येतं म्हणून दर आठवड्याला पत्र. आता या वर्षी सगळ्यांनी मिळून दर्शनी भागाला रंग द्यायचं ठरवलं आहे, एकटीसाठी ते कसं थांबवणार? बाई जरा अतीच करतात. पण तुझं तसं नाही, तुझी बाजू भक्कम आहे.

ती. भाऊजींना सा. न. आमचं घर तळमजल्यावर आहे, कोरडं आहे, त्यांना प्रवास झेपत असेल तर दोघं उठून या. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
बापू


२ मार्च

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तस्सं केलं. तक्रार लिहिली, पोच घेतली. शिक्का मारताना चेअरमनबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दहा-बारा दिवसांनी सोसायटीच्या कागदावर उत्तर आलं. पूर्ण नक्कल सोबत आहे, पण मुख्य वाक्य इथेच उतरवते:

‘सदर ओल ही सदनिकेच्या अंतर्गत भागात दिसून येत असल्याने तिचे निवारण ही सदनिकाधारकाची वैयक्तिक बाब समजावी, व याविषयी पुढील पत्रव्यवहाराची आवश्यकता उरत नाही.’

मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. यांनी कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. मग म्हणाले, लिहिणारा कसलेला आहे. ओल टाकीतून येत नाही असं तो म्हणतच नाही, आत दिसते एवढंच म्हणतो. खोटं बोललेला नाही आणि खरंही बोललेला नाही. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही.

खरं सांगू का, तक्रार लिहिताना माझ्या अंगात बळ होतं. हे उत्तर वाचलं आणि ते गळून गेलं. पुढच्या पत्रव्यवहाराची आवश्यकता उरत नाही, म्हणजे तोंड मिटा. इतकी वर्षं या घरात राहिले, जिन्यातला बल्ब गेला तर पदरचा आणून लावला, आणि आता मी वैयक्तिक बाब झाले.

प्रवासाचं म्हणशील तर नाही रे झेपणार. पुढच्या खोलीतून न्हाणीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं. पण रविवारचा नकाशा चुकत नाही. कालचा अकरावा. पेन्सिल हलते म्हणून आता कागद मी धरते.

पुढे काय करू ते लगेच लिही. या उत्तराला उत्तर कसं द्यायचं ते तुला नक्की सुचेल. तुझा आधार आहे म्हणून उभी आहे.

तुझी
अक्का


१४ मार्च

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि नक्कल मिळाली.

उत्तराला उत्तर देत बसू नकोस. सरळ निबंधकाकडे अर्ज कर. तक्रारीची पोच, इंजिनियरचा दाखला, डॉक्टरचं पत्र आणि भाऊजींचे सगळे नकाशे जोड. अर्जाचा मसुदा सोबत पाठवतो आहे, फक्त सह्या करा. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तेव्हा सह्या दोघांच्या हव्यात.

बाकी विशेष काही नाही. जरा कामात आहे. ही बरी आहे. भाऊजींना सा. न.

तुझा
बापू


२० एप्रिल

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

महिना झाला, तुझी एक ओळ नाही. मागचं पत्रही असं, जणू तार केली होतीस. रागावलास का? की सौ.शी भांडलास? मी तिकडे असते तर कान धरून विचारलं असतं.

अर्ज दिला. सुनावणी ६ मे रोजी आहे. यांनी सही करायला पाऊण तास घेतला. हात थरथरतो म्हणून नव्हे, अक्षर वाकडं आलेलं त्यांना चालत नाही म्हणून. तीन कागद फुकट घालवले. इंजिनियरने टाकीत रंग टाकून बघितला. दुसऱ्या दिवशी आमच्या छतावर गुलाबी छटा उतरली. हे म्हणाले, चला, नकाशाला शेवटी रंग मिळाला.

बापू, यांना आता प्राणवायूची नळी लावावी लागते. समोरच्या फ्लॅटमधली नर्स सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जाते. ती काल मला बाजूला घेऊन म्हणाली, की जवळच्या माणसांना कळवून ठेवा. तिच्यापुढे मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. जवळचं माणूस म्हणजे तूच. म्हणून कळवते आहे.

सुनावणीला तू बरोबर असतास तर धीर आला असता. जमेल का?

वाट पाहणारी
अक्का


२९ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

वरची ओळ लिहून मी थांबलो. नावामागचं सौ. हात आपोआप लिहायला गेला आणि मी त्याला अडवलं. भाऊजी जाऊन अठरा दिवस झाले. मी आठवडाभर तुझ्याकडे होतो. लोक येत होते, जात होते, मी चहा करत होतो, दाखल्यांसाठी कचेरीत खेटे घालत होतो. तू म्हणालीस, किती करतोस रे. त्यातलं प्रत्येक काम मी एक गोष्ट बोलायची टाळण्यासाठी केलं. तोंडावर जमलं नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या सोसायटीने तुला पाठवलेलं ते उत्तर माझं आहे.

म्हणजे सही चेअरमनबाईंची, पण वाक्य माझं. चार वर्षांपूर्वी मी ते आमच्या शिवणकामवाल्या बाईंसाठी लिहिलं. सगळ्यांना आवडलं, म्हणून त्रैमासिकात नमुना म्हणून छापायला दिलं. ‘दिसून येत असल्याने’ हे शब्द सुचले तेव्हा मी स्वतःवर इतका खूश होतो, की हिला दोनदा वाचून दाखवले. ही तेव्हा एवढंच म्हणाली, की एकदा वर जाऊन बघून तर या. मी गेलो नाही.

कायदा मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. पहिल्याच पत्रात तुला मी तो पाठ असल्यासारखा सांगितला. हे वाक्य कायद्यासाठी नव्हतंच, अक्का. माणूस थकवण्यासाठी होतं. बहुतेक लोक असं उत्तर आलं की पुढे जात नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. तू लिहिलंस ना, वाचलं आणि बळ गळून गेलं? ते तसंच व्हावं म्हणून लिहिलं होतं.

तुझी नक्कल १० मार्चला हातात पडली आणि मी ओळखलं. त्याच दिवशी तुमच्या चेअरमनबाईंना कळवता आलं असतं, की हे वाक्य माझं आहे, ते लबाडीचं आहे, आधी टाकी दुरुस्त करा. कदाचित त्यांनी ऐकलं असतं. पण मग तुला कळलं असतं. म्हणून मी चार दिवस थांबून तुला तो कोरडा मसुदा पाठवला आणि महिनाभर तोंड लपवलं. सुनावणीला आलो नाही, कारण तिथे ते त्रैमासिक निघालं तर काय, अशी भीती होती. मी आलो ते भाऊजी गेल्यावर.

दोन ग्रॅमसाठी दुकानदारांना घाम फोडणारा मी. क्षमा माग असं तू म्हणणार नाहीस, म्हणून ती मागायलाही तोंड नाही.

बापू


१० जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चाललेलो नाही. जे केलं ते फक्त कळवतो.

मागच्या महिन्यात मी वरच्या मजल्यावर गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बाईंनी दार अर्धंच उघडलं. शिलाई मशीनवर प्लास्टिक घातलेलं, कपड्यांचे तागे पलंगावर रचलेले आणि पलंग स्वयंपाकघरात आणलेला. ओट्याच्या कडेला उशी टेकवून बाई झोपतात. मार्चमध्ये दिवाणखान्याच्या छताचा तुकडा त्यांच्या मनगटावर पडला होता. तेव्हापासून बारीक काम होत नाही. नाटकवाल्यांनी येणं सोडलं. त्यांची पत्रं थांबली, तेव्हा मी फाइलवर लिहिलं होतं, की तक्रार निवळली.

मी सर्वसाधारण सभा बोलावली. सगळ्यांसमोर माझं उत्तर वाचलं आणि ते कसं फसवं आहे ते शब्द धरून सांगितलं. दोघे-तिघे उठून म्हणाले, की साहेब, हे जुनं कशाला उकरता, रंगाचं काम अर्ध्यावर आलं आहे. शेवटी गच्ची आणि बाईंची खोली सोसायटीने दुरुस्त करून द्यायचं ठरलं. मी सचिवपद सोडलं. त्रैमासिकालाही दुरुस्तीची चौकट छापायला दिली आहे.

सभा संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, की माझी पत्रं तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचली होती का? मी नाही म्हणालो. त्या बरं म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

तब्येतीची काळजी घे. मी इथे आहे.

बापू


१८ ऑगस्ट

चि. बापूस,
आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की जे शब्द येत ते पाठवण्यासारखे नसत.

निबंधकांचा हुकूम आला. टाकी, गच्ची आणि आतलं छत, सगळं सोसायटीने तीस दिवसांत दुरुस्त करून द्यावं. पाकिटावर आधी यांचं नाव होतं. पोस्टमन म्हणाला, साहेबांचीच सही हवी. मी त्याला आत बोलावून पाणी दिलं आणि मग सांगितलं. बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला.

दुरुस्ती झाली. एक गवंडी आणि एक नळवाला. चार दिवस लागले. चार दिवस, बापू. पाचव्या दिवशी छत इतकं पांढरंशुभ्र होतं, की तिथे कधी काही घडलंच नाही असं वाटावं. मी त्या खोलीत अजून झोपत नाही.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. सुनावणीच्या वेळी निबंधकसाहेबांनी चेअरमनबाईंना विचारलं, की असं उत्तर तुम्ही कशाच्या आधारावर दिलंत? त्यांनी पर्समधून एक पुस्तिका काढली आणि टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचली आणि बघण्यासाठी माझ्याकडे सरकवली. खाली तुझं नाव होतं, तुझ्या सोसायटीच्या नावासकट. साहेब पुढे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि या वेळी दोष कानांचा नव्हता. तारीख ६ मे. हे अजून पाच दिवस होते.

घरी आले तेव्हा यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, साहेब चांगले आहेत, तुमचे नकाशे त्यांनी एकेक करून बघितले, हात सफाईचा आहे म्हणाले. हे खरंच घडलं होतं. हे खूश झाले. मग विचारलं, की ते उत्तर कुणी लिहिलं ते कळलं का? मी नाही म्हणाले. चाळीस वर्षांत यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं, आणि ते मी तुझ्यासाठी बोलले. तू आलास की त्यांना तुझ्याकडे आपला मेहुणा म्हणून बघता यावं, म्हणून. तू आलास तेव्हा ते नव्हते.

तू आठवडाभर माझ्याकडे राहिलास. रोज सकाळी कप माझ्या हातात द्यायचास आणि मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. आता बोलेल, आता बोलेल. स्टेशनवर निघालास तेव्हा दारातसुद्धा मी मुद्दाम रेंगाळले. तू माझ्या पाया पडलास आणि रिक्षात बसलास. टाकी गळते ती लोखंड गंजतं म्हणून. वाक्य तू चार वर्षांपूर्वी लिहिलंस, तेव्हा आम्ही तुझ्या मनातही नव्हतो. हे सगळं मला समजतं. तो आठवडा समजत नाही.

यांना वाचवता आलं असतं का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मीही त्यांना फार खोदून विचारत नाही. तूही विचारू नकोस.

बाईंची खोली झाली का ते बघ. ठराव झाला म्हणजे खोली झाली असं नाही, हे तुला मी सांगायला नको. त्यांचं मनगट चांगल्या डॉक्टरला दाखव, आणि त्या नको म्हणाल्या तर दुसऱ्यांदा विचार.

तू इकडे येतो म्हणशील. इतक्यात येऊ नकोस. माझ्याच्याने अजून तुला चहा देववणार नाही. आईने जाताना तुला माझ्या हवाली केलं होतं, ते मी मोडलेलं नाही, पण सध्या हात रिकामे ठेवावेसे वाटतात. कधी यायचं ते मी कळवीन. कळवीन की नाही, तेही आज सांगता येत नाही.

तोवर लिहीत राहा. उत्तर येईलच असं नाही. पण तुझं प्रत्येक पत्र मी शेवटपर्यंत वाचते.

अक्का